रडायची जागा

"तू जा! मला नाही बोलायचं तुझ्याशी!" बबडीने लाकडी ठोकळा भिंतीवर भिरकावला आणि भोकाड पसरलं.

कोर्टाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मुलांना भेटायची खोली होती. भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेले, कोपऱ्यात चाकं निखळलेल्या गाड्या. बाबा जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याने ठोकळा उचलला नाही, पोरीला जवळ ओढलं नाही, "उगी उगी"ही केलं नाही. नुसता बसून राहिला.

दारातल्या शिपाईबाई कंटाळून आत डोकावल्या. "अहो, काहीतरी करा की! खालपर्यंत ऐकू जातंय."

"थांबेल ती. थोडं पाणी मिळेल का? रडून झालं की तिला तहान लागते."

हे दर शनिवारी चालायचं. बबडी यायची, जरा वेळ गप्प बसायची, मग कशावरून तरी बिनसायचं. रडून रडून दमली की ती त्याच्या मांडीवर डोकं टेकायची आणि शाळेतल्या गोष्टी सांगायला लागायची. तेवढ्यात भेटीची वेळ संपायची.

बाबा कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मेण, प्लॅस्टर आणि कानशी घेऊन दिवसभर बसायचा. आजूबाजूची पोरं त्याला कवळीकाका म्हणत. नवी कवळी बसवली की म्हातारी माणसं आधी त्यालाच शिव्या घालायची. टोचतेय, लागतेय, काढून टाका म्हणायची. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचा, "नेमकं कुठं टोचतंय?" चिडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याच्या बायकोला आधी हाच स्वभाव आवडला होता. पुढे त्याच स्वभावाचा तिला जाच व्हायला लागला. तिला भांडून मोकळं व्हायचं असायचं आणि हा गप्प. भांडायला समोर माणूसच नाही, अशा घरात ती किती दिवस राहणार?

घटस्फोट दोघांच्या संमतीने झाला. पोर लहान होती, ती आईकडेच जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. त्यानेही. पण आता बबडीच्या आईला दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळाली होती आणि बबडीला बरोबर नेण्यासाठी तिने कोर्टाची परवानगी मागितली होती. तेव्हा तो पहिल्यांदा "नाही" म्हणाला. मुलीचा ताबा मला द्या, असा त्याने उलट अर्ज केला.

समोरच्या बाजूच्या वकिलांनी नेमकं रडण्यावर बोट ठेवलं. मुलगी वडिलांना भेटली की रडते, वस्तू फेकते, म्हणजे तिला वडिलांचा धाक वाटतो. घरात बाईमाणूस नाही. उद्या मुलगी मोठी होईल, तेव्हा हे काय करणार?

"हे रडणं आपल्याला नडणार," त्याच्या वकीलबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी एखादी बाहुली घेऊन जा. हसवा तिला."

"तिला रडायचं असतं, मॅडम."

"अरे, पण असा तोंडाला कुलूप लावून बसलास तर हातची पोर जाईल!" बरोबर आलेली त्याची ताई कळवळून म्हणाली. ती पलीकडच्याच गल्लीत राहायची आणि त्याच्यापेक्षा जास्त काळजी तीच करायची.

त्याने बाहुली घेतली. पुढच्या शनिवारी बबडी रडायला लागली तेव्हा त्याचा हात पिशवीत गेलाही. पण रडणाऱ्या पोरीपुढे बाहुली नाचवायची त्याला लाज वाटली. बाहुली तशीच पिशवीतून घरी परत आली.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी बबडीला आपल्या खोलीत बोलावलं. बरोबर फक्त कोर्टाच्या समुपदेशक होत्या. बाहेरच्या बाकावर एका टोकाला तो आणि ताई, दुसऱ्या टोकाला बबडीची आई. पोर गेली तर आपल्याकडे काय उरेल, हे तो मनात पुन्हा पुन्हा मांडून बघत होता आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर सोडत होता.

दार उघडलं. समुपदेशकांनी दोघांनाही बाजूला घेतलं.

"मी तिला विचारलं, बाबांकडे आल्यावर तू एवढी का रडतेस? तर म्हणाली, आईसमोर रडलं की आई पण रडते, मग आजी पण रडते. मग मलाच त्यांना गप्प करावं लागतं. बाबा रडत नाही. तो नुसता बसतो. मग माझं रडून होतं."

बबडीच्या आईने पर्स उगाचच उघडली आणि बंद केली.

"घरी ती कधीच रडत नाही," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "सगळे म्हणतात, किती समजूतदार पोर आहे. मलाही तेच वाटायचं." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मला वाटायचं, तू तिला काहीतरी बोलतोस."

"मी कुठं काय बोलतो?"

"हो, तेही खरंच." ती रडता रडता हसली. कितीतरी दिवसांनी त्याच्यासमोर हसली.

ती आपल्या वकिलांशी बराच वेळ बोलली. वकील हात उडवत होते, ती मान हलवत होती. मग आत जाऊन तिने न्यायाधीशांना सांगितलं, की शाळा चालू असताना मुलीने वडिलांकडे राहावं, सुट्टीत माझ्याकडे यावं.

"तुमच्यावर कुणाचा दबाव?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. मला हे जड जातंय, पण दबाव नाही."

हुकूम तसाच झाला. बाबा बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. ताई त्याच्या पाठीत धपाटे घालत हसत होती, डोळे पुसत होती. "बोल की मेल्या काहीतरी! आता तरी बोल!"

"भूक लागलीय," तो म्हणाला.

खरोखरच लागली होती. समोरच्या खानावळीत तो जेवला तो असा, की ताई स्वतःचं ताट विसरून बघतच राहिली. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

नव्या नोकरीवर जायच्या दिवशी बबडीची आई तिला घेऊन आली. कपड्यांची बॅग, दप्तर, खोकल्याचं औषध, सगळं तिने कपाटात नीट लावून दिलं. टॅक्सी खाली उभी होती. निघता निघता तिचं लक्ष बबडीच्या नखांकडे गेलं.

"शी, केवढी वाढलीत!" ती तिथेच उंबऱ्याशी बसली, पर्समधून नेलकटर काढलं आणि एकेक बोट धरून सावकाश नखं कापायला लागली. एवढी सावकाश की खालून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.

उजवा हात झाल्यावर ती थांबली. डावा हात तिने जरा वेळ नुसताच धरून ठेवला. मग नेलकटर त्याच्या हातात दिलं.

"हा तू काप. अंगठ्याचं फार खोल कापू नकोस, तिला दुखतं."

ती जिना उतरून गेली. तो तिच्याच जागेवर खाली बसला. बबडीने डावा हात पुढे केला.