पत्रे उतरवले
शोभाबाई अमळनेरहून सुरतेला आली तेव्हा घरी बसून साड्यांना लेस लावायची. बावीस वर्षांत तिने स्वतःचा लेसचा कारखाना उभा केला. नऊ मशीन, अकरा बाया. मग वस्तीने तिला नगरसेविकाही केलं.

वस्तीतल्या अंगणवाडीशेजारची मोकळी जागा एका मिलला कोळसा साठवायला द्यायचा ठराव महापालिकेच्या सभेपुढे येणार होता. शोभाबाई विरोधात बोलणार हे कळताच तिच्या पक्षाचे पुढारी भूपेंद्रभाऊ कारखान्यात आले. चहा संपवून त्यांनी सावकाश वर पाहिलं.

"ताई, मागची शेड नकाशात नाही ना? कोणी तक्रार केली तर पाडावी लागेल. तुम्ही ठरावाला हात वर करा, शेडचं मी बघतो."

शेड बेकायदा होती, हे खरंच होतं. चार मशीन तिच्याचखाली चालायची. शोभाबाईला आधी लाज वाटली, मग संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने वेल्डरला बोलावलं. पत्रे उतरू लागले तसा नवरा, सुकदेव, धावत आला.

"डोकं ठिकाने शे ना तुनं?"

"शे. आते भूपेंद्रभाऊना हातमा काय राहिनं?"

सुकदेवने वर उघड्या पडलेल्या शेडकडे पाहिलं. मग त्यानेही बाह्या सरसावल्या. दोन मशीन कशीबशी पुढच्या खोलीत मावली, दोन ताडपत्रीखाली बंद पडून राहिली.

सभेत शोभाबाई उठली. "कोळशाची धूळ पोरांच्या ताटात पडेल. माझा विरोध लिहून घ्या."

तिच्याच पक्षाच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "आधी तुमची शेड बघा!"

"पाडली. मंगळवारी, मीच. बघायला या."

ठराव मंजूर झालाच. पण कोळशाचा पहिला ट्रक आला तेव्हा वस्तीतल्या आया रस्त्यावर बसल्या होत्या, आणि मधोमध शोभाबाई. चौथ्या दिवशी मिलवाल्यांनी दुसरीकडे जागा शोधली.

निवडणुकीत पक्षाने तिचं तिकीट कापलं. ती अपक्ष उभी राहिली आणि एकशे बारा मतांनी पडली. निकालानंतर भूपेंद्रभाऊंचा फोन आला. "ताई, झालं ते झालं. पक्षात परत या."

"भाऊ, मी हरले, पण वाकले नाही," शोभाबाई म्हणाली. "पुढच्या खेपेलाही मी उभी राहणार. तुमच्या उमेदवाराला आतापासूनच सांगून ठेवा."

फोन ठेवून ती मशीनवर बसली.