आईच्या जागेची खोली

गुणवंतला मासे खाण्यापेक्षा मासे शोधण्यात जास्त रस होता, हे त्याच्या बायकोला, नीलिमाला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं. माणूस तसा सरळ. अंधेरीला जमीनमोजणीच्या एका खासगी कचेरीत ड्राफ्ट्समन, गिरगावातली खोली विकून मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये घेतलेला ब्लॉक, ना दारू ना पत्ते. रविवार उजाडला की गळ आणि कणकेचा गोळा घेऊन स्वारी तळ्यावर. सोबतीला यतीन, नीलिमाचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेल्यामुळे नीलिमानेच त्याला वाढवलं होतं आणि लग्नानंतर तो तिच्यामागोमाग या घरी आला होता. ‘हुंड्याच्या जागी मेव्हणा मिळाला,’ असं गुणवंत चारचौघांत म्हणायचा आणि यतीन सगळ्यांत मोठ्याने हसायचा. त्याच्या लेखी दाजी म्हणतील ती पूर्व दिशा.

ते दोघे जायचे ते तळं तारोडीच्या अलीकडे, रस्त्यापासून बरंच आत होतं. गावाच्या मालकीचं, जुनं, कडेने बाभळी. तिथे रोहू होते, कटला होते, पण ते सापडतील तर शपथ. दोघेही दिवसभर उन्हात करपायचे आणि संध्याकाळी भाईंदरच्या बाजारातून बांगडे घेऊन घरी यायचे. नीलिमा टोपलीत बघून म्हणायची, “तळ्यात आता समुद्रातले मासे पण मिळतात वाटतं!”

शहाण्णव साली कचेरीत नवा कॉम्प्युटर आला. त्यात डोंगरउताराचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर होतं. ठिकठिकाणची उंची भरायची, मधल्या रेषा यंत्र आपोआप काढायचं. गुणवंतच्या डोक्यात किडा वळवळला. डोंगराचा नकाशा निघतो, तर तळ्याच्या तळाचा का निघू नये? उथळ कुठे संपतं आणि खोल कुठे सुरू होतं हे एकदा कळलं की मासा चरायला कुठे येतो ते कळलंच.

तळ्यात एकच तराफा होता, गावातल्या दत्तारामचा. त्याला चहापाणी देऊन गुणवंतने राजी केलं. काठावर खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि दत्ताराम तराफा नेईल तिथे यतीन गवंड्याचा ओळंबा पाण्यात सोडू लागला. तो खोली ओरडून सांगायचा, गुणवंत कागदावर मांडायचा. अनेक रविवार हे चाललं. काठावरची पोरंसोरं खिदळायची, पण गुणवंतला त्याचं काही नव्हतं. इतका खूश तो स्वतःच्या लग्नातही नव्हता.

शेवटी पूर्वेकडचा एक कोपरा राहिला. तिकडे मात्र दत्तारामने तराफा वळवायला साफ नकार दिला.

“तयां न्हाय टाकायचा ओळंबा. आईची जागा हाय.”

“कोणाची आई?” गुणवंतने काठावरून विचारलं.

“गावाची. तयां लोखंड सोडत न्हाय कोन. माज्या बापानं कवा सोडला न्हाय, मी बी न्हाय सोडनार.”

“अरे, आम्ही काय तिला त्रास देतोय? नुसती खोली मोजतोय.”

“आईला कोन मोजतं, सायेब?” दत्ताराम म्हणाला आणि त्याने तराफा काठाला लावला.

गाडी स्टेशनात येईपर्यंत दोघे त्या वाक्यावर हसत होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गुणवंतने सगळे आकडे कॉम्प्युटरला खाऊ घातले. पडद्यावर तळ उमटला आणि त्याच्या अंगावर काटा आला, इतका तो देखणा होता. फक्त पूर्वेचा कोपरा कोरा. भोक असलेला नकाशा म्हणजे भोक पडलेला शर्ट, असं त्याचे साहेब म्हणायचे. रिकामी जागा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून द्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. आजूबाजूला बहुतेक ठिकाणी गुडघाभर पाणी, म्हणून यंत्राने तिथेही गुडघाभरच पाणी दाखवलं. उथळ जमिनीची एक लांब जीभ तयार झाली, थेट खोल पाण्याच्या तोंडाशी जाणारी. गळ टाकायला याहून झकास जागा दुसरी नव्हती. हा कोपरा आपण मोजलेला नाही, हे गुणवंतला पक्कं ठाऊक होतं. पण रेषा इतक्या सुबक आल्या होत्या की प्रिंट काढेपर्यंत तो स्वतःच त्यांच्यावर विश्वास ठेवून बसला.

पुढच्या रविवारी दत्ताराम बाजाराला गेला होता. बरंच झालं, नसती कटकट नको, असं गुणवंत म्हणाला. यतीनने पँट दुमडली, बांबूचा गळ खांद्यावर घेतला आणि तो पूर्वेच्या कोपऱ्यातून पाण्यात शिरला. गुणवंत काठावर नकाशा धरून उभा राहिला. पोहता दोघांनाही येत नव्हतं, पण गुडघाभर पाण्यात पोहायचंय कोणाला?

“दाजी, खरंच गुडघाभरच आहे!” यतीन ओरडला.

“मग! मी काय थापा मारतोय? जा अजून पुढे.”

“अजून?”

“जा रे बिनधास्त! खोल पाणी बरंच लांब आहे.”

यतीनने मागे वळून अंगठा दाखवला, पाऊल टाकलं आणि तो दिसेनासा झाला. धप्प आवाजही नीट आला नाही. गुणवंतला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. तो हसलासुद्धा. मग गळ एकटाच तरंगताना त्याला दिसला. तो पाण्यात धावला, आणि आपण पुढे पाऊल टाकू शकत नाही हे कळल्यावर तिथेच उभा राहून ‘कोणी आहे का, कोणी आहे का’ असं किंचाळत राहिला. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी गावातून माणसं बोलावली. बाजारातून परतणारा दत्ताराम पिशवी टाकून पाण्यात उतरला आणि बऱ्याच बुड्या मारल्यावर त्यानेच यतीनला वर आणलं. तोवर सगळं संपलं होतं.

“खाली बाव हाय,” दत्ताराम धापा टाकत म्हणाला. बाव म्हणजे विहीर. तळं व्हायच्या आधीची बांधीव विहीर पाण्याखाली तोंड उघडून बसली होती.

“तुला माहीत होतं?” गुणवंतने त्याचा दंड धरला.

“न्हाय ओ. आई हाय येवढाच म्हाईत.” आणि तो गडी रडायला लागला.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. नातेवाइकांना मात्र कोणीतरी दोषी हवा होता. नीलिमाचे मामा, तात्याराव, बैठकीत सारखे म्हणत राहिले, “त्या गावातल्या माणसाने सांगायला नको होतं? तराफा त्याचा, तळं त्यांचं. त्याच्यावर केस करायला हवी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. रडून रडून सुजलेल्या चेहऱ्याने नीलिमाही म्हणाली, “त्याला माझे तळतळाट लागतील.” गुणवंत खाली मान घालून बसला होता. गप्प राहिलं तर सगळं निभावणार होतं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याची त्यालाच किळस आली.

लोक गेल्यावर तो स्वयंपाकघरात तिच्यापाशी आला. ती ओट्याला टेकून उभी होती.

“दत्तारामने सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तिथे ओळंबा टाकू दिला नव्हता त्याने. तो कोपरा आम्ही मोजलाच नव्हता. नकाशात ते पाणी कॉम्प्युटरने मनाने भरलं होतं. मला ठाऊक होतं.”

“आणि तुम्ही त्याला पुढे जा म्हणालात?”

“हो. तो थांबला होता. मीच जा म्हणालो.”

ती ओरडेल, मारेल, निदान भांडं आपटेल, अशी त्याची अपेक्षा होती. त्याला तेच हवं होतं. पण नीलिमा नुसती बघत राहिली, कुणा परक्या माणसाकडे बघावं तशी.

“कशाला सांगितलंत?” ती हळूच म्हणाली. “तुमचं मन मोकळं झालं. मी त्या दत्तारामला शिव्या घालत जन्म काढला असता हो. आता रोज सकाळी तुम्हाला चहा कसा देऊ, तेवढं सांगा.”