सोमाजीचा अंदाज

नाल्यावरच्या बुटक्या रपट्याच्या अलीकडे सोमाजी सायकलवरून उतरला. चपला हातात घेतल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि सायकल ढकलत नाल्यात शिरला. पाणी घोट्याच्याही खालीच होतं. मधल्या दगडावर एक ढोकरी उभी होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, उडाली नाही.

तेरा दिवसांपूर्वी याच काठावर त्याने बैलबंडी उभी केली होती. तेव्हा रपटा दिसत नव्हता, पलीकडची झाडं अर्ध्यापर्यंत पाण्यात होती. बंडीत त्याची बायको रुखमा होती, बाळंतपणात अडलेली. दिवस मावळायच्या आधी ती गेली, आणि पोटातलं लेकरूही. पाणी उतरलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

रुखमाच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर आज तो पहिल्यांदा कामावर निघाला होता.

सोमाजी सावली या गावच्या सरकारी कचेरीत शिपाई होता. त्याच्या गावाहून सावली अकरा किलोमीटर. दहा वर्षं तो ही वाट सायकलने तुडवत होता. कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम. वहीत लिहायचं ते पडून गेलेलं पाणी. येणारं पाणी त्याला वाटेवर कळायचं. मुंग्या अंडी घेऊन बांधावर चढल्या का, बोडीच्या पाण्यावरचे चतुर किती खालून उडतात, वारा कोणत्या अंगाने सुटला, हे बघत तो पायडल मारायचा. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. वाटेवरच्या टोलीतले, त्या लहानशा वस्तीतले लोक त्याला थांबवून विचारायचे आणि तो सांगेल तसा धानाचा रोवणा धरायचे.

पुराच्या आधीच्या सोमवारीही त्याने सगळं पाहिलं होतं. हेडक्लार्क गुणवंतरावांना सांगून गळक्या खोलीतली दप्तरं हलवली. किराणावाल्याला मिठाची पोती फळीवर चढवायला लावली. संध्याकाळी घरी आला तर रुखमा चुलीपुढे पाय लांबवून बसली होती.

"उद्या मले कांताबाईकडे सोडून द्या ना," ती म्हणाली. कांता म्हणजे त्याची बहीण. सावलीला दवाखान्याच्या मागेच राहायची.

"उद्या साहेबाची तपासणी हाये. बुधवारी रजा टाकतो."

बुधवार उजाडला तो पाण्यातच.

नाल्यातून वर आल्यावर सोमाजीने पाय झटकले आणि चपला घातल्या. चढावर सागाला पांढरा फुलोरा आला होता. बघायचं नाही असं ठरवूनही त्याला दिसत होतं. गवतावर कोळ्यांची जाळी दवाने लखलखत होती. चतुर पार झाडांच्या शेंड्याशी. ढग उंच, पिंजलेल्या कापसासारखे विरत चाललेले. चार-पाच दिवस तरी थेंब पडणार नव्हता.

टोलीपाशी झिंगू रस्त्यावरच उभा होता. सोमाजीला बघून त्याने डोक्याचा गमछा काढून हातात धरला.

"भाऊ, आयकलं आमी. याले पाह्यजे होतं, पर इथी रोवणा..."

"असू दे."

झिंगूने गमछा खांद्यावर टाकला.

"एक इचाराचं होतं. बुधरीचे दिवस भरले. पायाले सूज हाये. नर्सबाईनं दवाखान्यातच न्या म्हनलं. पर दोन रोजाचा रोवणा राह्यला. बाबा म्हनते, सरला की नेऊ. तवरक पाणी येते काय?"

सोमाजीने आभाळाकडे मान वर केली नाही. त्याला झोपडीच्या दारातली झिंगूची बायको बुधरी दिसत होती. एका हाताने दाराची मेढ धरलेली, दुसरा हात कमरेवर.

"येते," तो म्हणाला. "आज सांजेलोक येते. पुढचा नाला भरते."

झिंगूने आकाशाकडे पाहिलं. "इतकं ऊन पडून राह्यलं भाऊ."

"येते म्हनलं ना. आताच बैल जुंप."

झिंगू बैलांकडे वळला. बंडी जुंपून बुधरीला गवताच्या पेंढ्यांवर बसवेपर्यंत सोमाजी तिथेच उभा राहिला. मग सावलीपर्यंत बंडीच्या मागे मागे सायकल ढकलत चालत गेला. दवाखान्याच्या फाटकातून बंडी आत वळल्यावरच तो कचेरीकडे फिरला. पाणी मोजायची वेळ कधीच टळून गेली होती.

गुणवंतरावांनी स्वतःच उठून त्याच्यासाठी चहा मागवला. चहा निम्मा संपल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "सोमाजी, ओली दप्तरं बाहेर टाकायची आहेत वाळायला. पाणी तर नाही ना येत?"

"नाई येत, साहेब," सोमाजी म्हणाला. "चार-पाच रोज नाई."

सहाव्या दिवशी टोलीपाशी झिंगूचा बाप वारलू आडवा आला. म्हातारा रागात होता, पण समोरचा माणूस दुःखातला, म्हणून आवाज धरून बोलत होता.

"पाणी कुठी आलं, भाऊ? पाच रोज ऊनच ऊन. पोरगा-सून दवाखान्यात बसून राह्यले, माह्या एकट्याच्यानं रोवणा झाला नाई. धानाचे पऱ्हे उन्हानं वारून गेले."

"चुकलं माझं."

"तुमचं कधी चुकत नोहतं."

सोमाजी हँडलवरचा गंज अंगठ्याने खरवडत राहिला. मग विचारलं, "बुधरी कशी हाये?"

"धड हाये. परवा पोरगी झाली." म्हातारा थोडा निवळला. "जाऊ द्या भाऊ. घरातलं माणूस गेलं का डोकं असंच होते. ठिकाणावर राहत नाई."

"हो," सोमाजी म्हणाला आणि सायकलवर बसला.

दुसऱ्या दिवसापासून टोलीपाशी आकाशाचं विचारायला कोणी उभं राहिलं नाही.