रुळांपलीकडचा हिरवा तुकडा

मी एक जुना नकाशा आहे. तसे माझे वय फार नाही, पण घड्या घालून घालून माझे पार पोतेरे झाले आहे.

मित्रांनो, माझा जन्म चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका छपाईच्या दुकानात झाला. त्याआधी एका आरोग्यसंस्थेत काम करणाऱ्या सावनीने मला संगणकावर आखले. चेन्नईत आणि आसपास माणसे कुठे सुखाने राहतात, कुठे हाल काढतात, हे दाखवणे माझे काम. पाणी, शाळा, बस, दवाखाना जवळ असेल तिथे हिरवा रंग, नसेल तिथे तांबडा. उत्तरेच्या गुम्मिडिपूंडीपासून दक्षिणेच्या तांबरमपर्यंत मी कसा नटलो होतो म्हणून सांगू! संस्थेच्या सभेत लोक मला पाहून माना डोलवत. फिरत्या दवाखान्याची गाडी कुठे पाठवायची, तेही माझ्याकडे बघूनच ठरे.

पुढे सावनीची आई, चित्राताई, साताऱ्याहून लेकीकडे राहायला आल्या. त्यांना मधुमेह होता आणि पायाची जखम चिघळली होती. रोज मलमपट्टी झाली नाही तर पाय जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून सावनीने माझ्याच भरवशावर तांबरमजवळ, एका हिरव्या तुकड्यात भाड्याने घर घेतले. दवाखाना एका किलोमीटरच्या आत, आणखी काय हवे?

पहिल्याच सकाळी घोडे अडले. वाटेत रेल्वेचे रूळ! माझ्यावर ती केसाएवढी रेघ आहे. पलीकडे जायला पूल होता, पण त्याचे जिने उंच. ऑटोने जायचे तर लांबच्या फाटकापर्यंत वळसा, आणि ऑफिस सोडून रोज नेणार कोण? चित्राताई चार पायऱ्या चढून मटकन खाली बसल्या. सावनीने मला पिशवीतून काढून पायरीवरच पसरले.

"आई, मी सरळ रेषेत अंतर मोजलं गं. माणूस जाणार कसा, ते बघितलंच नाही."

"मग आता बघ. रडतेस काय?"

सावनी घरोघर हिंडली. दवाखान्यात कोण कसे जाते, कोण जातच नाही, हे तिने विचारले आणि माझा हिरवा तुकडा लाल पेन्सिलीने रंगवला. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्याहून मोठा घोर चित्राताईंच्या पायाचा होता. सावनी घरीच कशीबशी पट्टी बांधायची आणि जखम काही भरत नव्हती.

घरमालक राघोत्तम हे तंजावरकडचे मराठी गृहस्थ. ते तर चिडलेच. "अय्यो, हे काय मा! तांबडा रंग लाविला तर माझ्या घरास भाडेकरू कोण येईल?"

"येतील हो," चित्राताई म्हणाल्या. "पण त्या पुलावर तुम्हालाही धाप लागते, ती मी ऐकलीय."

राघोत्तम ओट्यावर टेकले. मग हळूच म्हणाले, "दवाखान्याची गाडी येईल तर आमच्या दारी उभी राहू दे. ओट्यावर बसू देत सगळ्यांस."

पुढच्या सभेत तो तांबडा तुकडा सर्वांनी पाहिला आणि गाडी रोज राघोत्तमांच्या दारी येऊ लागली. गाडीतल्या नर्सबाईंनी चित्राताईंची जखम नीट तपासली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हटले. राघोत्तमांनी ते मराठीत सांगितले, "पाय वाचेल म्हणत्ये." इतके दिवस लेकीला धीर देणाऱ्या चित्राताई तेव्हा पदर तोंडाशी धरून रडल्या.

मित्रांनो, नकाशा जरूर जपा, त्याची घडी नीट घाला. पण त्यात हिरवा रंग भरण्याआधी, ज्याचा पाय दुखतो आहे अशा माणसाचा हात धरून ती वाट एकदा चालून या.