डिग्ना समुद्र बघायला गेली

मंगळवारी सकाळी मी भट्टीतून गुळाचं सारण भरलेले पाव काढत होते. तेवढ्यात डिग्ना दारात येऊन उभी राहिली. नखशिखांत काळे कपडे, चेहऱ्यावर मात्र काहीतरी ठरवून आल्याचा भाव.

"एन्माताई, मी देवमासे बघायला चाललेय. चार दिवस. एकटी."

तिचा नवरा एरिबेर्तो गालिचे विणायचा. मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. आमच्या डोंगरातल्या ग्वानो गावात विधवेने दोन वर्षं काळं घालायचं. रेडिओ लावायचा नाही, लग्नाला जायचं नाही, बाजारात मोठ्याने हसायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलंही मी पाहिलेलं नाही.

लग्न झाल्यापासून दर जुलैत एरिबेर्तो तिला म्हणायचा, "हातातला गालिचा उतरू दे, मग तुला पुएर्तो लोपेसच्या समुद्रावर देवमासे दाखवायला नेतो." बारा जुलै असेच गेले. एका गालिच्यानंतर दुसरा मागावर चढतच राहिला.

"अगं, लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"माझे दीर बायको जाऊन तीन महिने व्हायच्या आत मित्रांबरोबर समुद्रावर गेले होते. तेव्हा लोक काय म्हणाले?"

लोक म्हणाले होते, ग्वालबेर्तो बिचारा, त्याचं मन रमायला हवं. मीही तेच म्हणाले होते.

दहा वर्षांच्या यादिराला सासूकडे सोडून ती गेली. बहिणीकडे जातेय, असं सासूला सांगितलं. खरं सांगितलं असतं तर कुणी जाऊ दिलं नसतं.

तिथे तिने पिवळा ब्लाउज विकत घेतला. बोटीत सगळी जोडपी. ही एकटी कठड्याला धरून उभी. देवमासा पाण्याबाहेर आला तेव्हा आधी तिला रडू फुटलं, मग ती खदखदून हसली. "ताई, घराएवढं धूड हो! आणि उडी अशी, जणू त्याला वजनच नाही," असं ती नंतर मला सांगत होती. नेमकी ती हसत असताना बोटवाल्याने फोटो काढला. शेजारी एक खलाशी तिच्या जाकिटाचा पट्टा आवळत होता. रोजच्यासारखा तो फोटो बोटवाल्याने इंटरनेटवर टाकला.

डिग्ना परत यायच्या आत फोटो गावात पोचला.

बसमधून उतरून ती थेट सासूच्या दाराशी गेली. फोटोचं सांगायला मी थांब्यावर गेले होते, तशीच तिच्याबरोबर आले. तारहेलियाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"पोरगी झोपलीय."

"भर दुपारी? आई, तिला बोलवा. मी न्यायला आलेय."

"कुठे? त्या खलाशाकडे?"

"आई, तो जाकीट बांधत होता! बुडू नये म्हणून बांधतात."

म्हातारीचा आवाजच बदलला. "सव्विसाव्या वर्षी अंगावर काळं चढवलं मी. पदरात दोन पोरं. मला कुणी विचारलं, की बाई, तुला समुद्र बघायचाय का?"

"विचारायला हवं होतं, आई," डिग्ना म्हणाली.

दार बंद झालं. आतून यादिराचा आवाज आला, "मला नाही यायचं! शाळेत सगळे तोच फोटो दाखवतात!"

डिग्ना महिनाभर लढली. रोज पिवळा ब्लाउज घालून ती दाराशी जायची. गावच्या अधिकाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "घरातला मामला आहे बाई, समजुतीने घ्या." पाद्रीबाबांनी सबुरीचा सल्ला दिला. विणकरांसाठी ती सूत कातायची, त्यांनी तिला लोकर देणं बंद केलं. माझ्या दुकानात ती आली की बाकीच्या बायका पाव न घेताच निघून जायच्या. एक दिवस मीच तिला म्हटलं, "डिग्ना, काही दिवस मागच्या दाराने येत जा." त्या दारानेही ती पुन्हा आली नाही.

ऑगस्ट संपता संपता ती काळे कपडे घालून सासूपुढे उभी राहिली. ग्वालबेर्तोने अट सांगितली. आता दोन नाही, तीन वर्षं. आजपासून मोजायची. पोरगी आजीकडेच राहील, रविवारी प्रार्थनेनंतर भेटेल. डिग्नाने मान हलवली.

पहिल्या रविवारी चर्चच्या अंगणात मी त्यांच्या शेजारीच उभी होते. यादिरा आजीच्या झग्याला बिलगून होती. तारहेलियाबाई कुणाशी बोलायला जरा वळल्या, तशी पोरगी आईजवळ सरकली आणि कुजबुजली, "आई, देवमासा खरंच पाण्याबाहेर उडी मारतो?"

डिग्नाने सासूच्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मला नाही आठवत, बाळा," ती म्हणाली.

मला सगळं माहीत होतं. तिने माझ्या भट्टीपाशी बसून शब्दन् शब्द सांगितला होता. ते घराएवढं धूड, ती उडी, ते हसू. हो म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो त्या पोरीला माझ्याकडून ऐकता आला असता.

मी डोक्यावरची शाल सारखी केली आणि म्हणाले, "चला, ऊन वाढतंय."