खारीतला र

छापखान्यातल्या मशीनमधून निघालेला कागद माझ्या हातात आला तेव्हा शाई अजून बोटाला लागत होती. मी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि माझं डोकं फिरलं.

माझ्या पहिल्यावहिल्या चित्रपुस्तकाचा सगळा जीव एका चुकीत होता. त्यातल्या खारीला र म्हणता येत नाही. ससा विचारतो, "तू कोण?" ती सांगते, "खाल." सशाला वाटतं, ही खायला बोलावतेय. "हो, खाऊ की," म्हणून तो बसतोच. मग बेडूक येतो, कावळा तर न विचारता येतो, आणि एकटी खार बघता बघता सगळ्यांची होते.

आता मुद्रितशोधकांनी यात आपला खारीचा वाटा उचलला होता. पुस्तकभर 'खाल'ची 'खार' केली होती. कागदावर खार आपलं नाव नीट सांगत होती आणि ससा वेड्यासारखा "खाऊ की" म्हणत होता.

माझी ओढणी धरून ठकी उभी होती. दादाची मुलगी, सहा वर्षांची. तिच्या खऱ्या नावात दोन र आहेत. वर्गात तिने उभं राहून नाव सांगितलं आणि सगळा वर्ग हसला, तेव्हापासून घराबाहेर तिने तोंड उघडलेलं नव्हतं. दादा आणि वहिनी रडकुंडीला आले होते. मी खारीची गोष्ट रचून सांगितली तेव्हा ठकीने एकच विचारलं होतं, "पुस्तकात पण ती खालच म्हणेल ना?" मी म्हटलं होतं, म्हणेल. छापताना बघायला नेईन असंही कबूल केलं होतं.

ठकी एकेक अक्षर लावून वाचायला लागली होती. म्हणजे माझ्या हातात फार वेळ नव्हता.

प्रकाशकबाई खिडकीपाशी भिंगातून रंग तपासत होत्या. मी तडक तिकडे गेले.

"बाई, मशीन थांबवा. 'खाल'ची 'खार' केलीय."

"चूक होती ती. दुरुस्त केली."

"चूक नव्हती. गोष्टच ती होती."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुमचं पहिलंच पुस्तक आहे म्हणून सांगते. पुस्तक विकत घेतात आईवडील. मुलं अशुद्ध बोलायला लागतील म्हणून शाळा ते दारातूनच परत पाठवतील."

"मग सशाने खाऊ का म्हणायचं?"

"मुलं चित्रं बघतात हो."

मनातलं बोलले असते तर पुस्तकच गेलं असतं. "मजकूर नुसत्या काळ्या रंगात आहे," मी जमेल तितकं हळू म्हटलं. "छपाईची एकच, काळ्या रंगाची प्लेट बदलावी लागेल."

"आणि हे छापलेले कागद?"

मशीन खडखडत कागदामागून कागद टाकत होतं. माझा मुद्दा त्या ढिगाखाली चालला होता. मी मागे पाहिलं तर ठकी जागेवर नव्हती.

ती ढिगापाशी होती. वरच्या कागदावर बोट ठेवून अक्षरं लावत होती. बोट ख वरून पुढे सरकलं आणि थांबलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने मशीनवाल्या काकांची बाही ओढली. आल्या आल्या त्यांनी "तू कोण गं?" विचारलं होतं तेव्हा ती माझ्यामागे लपली होती. काकांनी कान तिच्याजवळ आणला.

"काका," मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून ती म्हणाली, "इथे खाल नकोय. खाल पाहिजे."

तिच्या तोंडून दोन्ही शब्द एकच निघाले. तिला ते कळलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

काका नुसते रंग बघत, अक्षरांच्या वाटेला जात नसत. "खाल?" ते म्हणाले. "खाऊ की. पण एवढं उरकू दे."

ठकी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आत्या, हे काका ससा आहेत."

प्रकाशकबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी हातातला कागद पुन्हा वाचला, ओठ हलवत. त्या हसतील या भीतीने माझा जीव टांगणीला लागला. हसल्या असत्या तर ठकी पुन्हा बोलली नसती, मग पुस्तकात काहीही छापून येवो.

त्या हसल्या नाहीत. "मशीन बंद करा," त्या म्हणाल्या. "काळी प्लेट उतरवा. नवी करायची."

खडखडाट थांबला. काकांनी हात पुसले आणि ठकीपुढे उकिडवे बसले. "माझ्या मशीनला सुट्टी देणारी तू कोण गं? नाव काय तुझं?"

ठकीने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, दोन्ही र चे ल करून. मशीन बंद होतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.