माझ्या नावावरची वाक्यं

“बाई, वर्ग संपला. मलाही घरी जायचंय,” मास्तरीण दिवा मालवत म्हणाली, तेव्हा कुठे मी बाकावरून उठले.

चौसष्टावं वर्ष, शिक्षण चौथी, जन्म गेला पिठाची गिरणी चालवण्यात. अशी बाई परक्या देशात एकटी येऊन, तिथली भाषा शिकायला पोरासोरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. आठ आठवडे. मागची पोरं हसायची. हसू देत. त्यांच्या वयात मी तीस किलोचं पोतं उचलत होते.

मुलगा इथलाच झालाय, रेल्वेने दोन तासांवर राहतो. म्हणाला, “आई, माझं घर असताना भाड्याची खोली? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात ते कळावं म्हणूनच आलेय,” मी म्हटलं.

त्याच्या घरी राहून शिकले असते तर त्याच्याच तोंडाने शिकले असते. ते मला नको होतं. सून या देशातली. बारा वर्षांत तिच्याशी जे बोलले ते फोनवर, मुलाला मध्ये घालून. मी खरमरीत चार वाक्यं ऐकवायची, तो तिला सांगायचा आणि ती तिकडून गोड हसायची. बोलणी खाऊन हसणारी सून मी तरी पाहिली नव्हती. निगरगट्ट आहे, म्हणायचे. एकदा तिला तिच्याच भाषेत, माझ्या तोंडाने सुनवायचं, एवढ्यात जीव अडकला होता.

खोलीत पाय ठरत नसे. खाट, खुर्ची, खिडकी. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं. फेऱ्या मारत एकच वाक्य घोकायचे, ‘तू माझा मुलगा तोडलास.’ दुकानात दूध मागताना त-त-प-प व्हायचं, हे मात्र घडाघडा.

रविवारी दोघं नातीला घेऊन आली. मी मुद्दाम मराठीतच तोंड उघडलं.

“तिला सांग, पोरीच्या केसांचं घरटं झालंय. विंचरायला हात दुखतात का म्हणावं.”

मुलगा बायकोकडे वळला आणि तिच्या भाषेत म्हणाला, “आई म्हणते, पोरीचे केस अगदी तुझ्यासारखे दाट आहेत.”

शब्द न् शब्द कळला मला. वाटलं, चुकून बोलला असेल. पुन्हा म्हटलं, “आणि सासूकडे पहिल्यांदा येताना हात हलवत आली, हेही सांग.”

“आई म्हणते, तू आलीस यातच सगळं आलं.”

सून उठून खाटेवर माझ्या शेजारी बसली. माझा हात हातात घेऊन त्याला म्हणाली, “आईंना सांग, माझी आई गेली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘मी आहे ना.’ त्या एका वाक्यावर मी ते वर्ष काढलं.”

मी म्हणाले होते, रडणं पुरे, पोरीच्या जेवणाकडे बघ म्हणावं.

“आई, ती म्हणतेय—” मुलाने सुरुवात केली.

“राहू दे. कळलं मला.”

त्याचा चेहरा उतरला. “कितपत कळतं तुला?”

“केसांपासूनचं सगळं.”

बारा वर्षं पोटात ठेवलेलं त्याच्या तोंडावर दिसत होतं. घोकलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते तोंडातून गेलं असतं तर बाकीची सगळी वाक्यं खोटी पडली असती. सून काही न कळून आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत होती. माझा हात तिने सोडला नव्हता.

मी तिच्या भाषेत, अडखळत विचारलं, “मी आणखी काय काय म्हणाले होते?”

ती दचकली, मग हसली, मग तिचे डोळे भरले. सांगू लागली. लग्नाच्या दिवशी मी काय म्हणाले, नात झाली तेव्हा काय, ती आजारी असताना काय. एकही वाक्य माझं नव्हतं. मी आठवल्यासारखी मान हलवत राहिले. मुलगा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभा होता.

“एवढंच?” ती थांबली तशी मी विचारलं.

“नाही, खूप आहे,” ती म्हणाली.

मी जरा सरकून तिला नीट बसायला जागा केली.